वकील दावर, न्यायमूर्ती दावर

१९०८ सालच्या जुलैच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयात जामिनाचा एक अर्ज सुनावणीस आला. आरोपी होते 'केसरी'चे संपादक बाळ गंगाधर टिळक आणि आरोप होता राजद्रोहाचा. अर्ज मांडण्यास उभे राहिले जेमतेम एकतिशीतले बॅरिस्टर महंमद अली जिना. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दिनशा दावर.

अकरा वर्षांपूर्वी याच इमारतीत, याच आरोपीसाठी, याच १२४-अ कलमाखालच्या खटल्यात जामिनाचा अर्ज घेऊन एक बॅरिस्टर उभे होते. त्यांचे नाव होते दिनशा दावर.

१९०८ मध्ये दावरांनी जामीन नाकारला आणि त्याच महिन्यात टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. दर वर्षी १ ऑगस्ट जवळ आला की हा योगायोग समाजमाध्यमांवर फिरू लागतो, आणि त्याखालचा निष्कर्षही ठरलेला असतो: काल ज्यांची बाजू मांडली त्यांनाच आज शिक्षा देणारा हा माणूस पलटला, विकला गेला. गोष्ट सांगायला चटकदार आहे. मात्र ती दावरांवर चुकीचा आरोप ठेवते, आणि चुकीच्या आरोपाच्या गर्दीत खरा आरोप हरवतो.

तो खरा आरोप कळायचा तर त्या काळचा फौजदारी वकील म्हणजे नेमके कोण, हे आधी पाहिले पाहिजे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत तेव्हा दुहेरी पद्धत होती. पक्षकार जायचा सॉलिसिटरकडे. सॉलिसिटर कागदपत्रे तयार करून बॅरिस्टरला ब्रीफ द्यायचा. न्यायमूर्तींपुढे बोलायचा तो बॅरिस्टर. इंग्लंडातून आलेल्या या परंपरेचा गाभा असा की बॅरिस्टर हा पक्षकाराचा मित्र, अनुयायी किंवा समर्थक नसतो. टॉमस पेनवर १७९२ मध्ये खटला झाला तेव्हा त्याचा बचाव करणाऱ्या अर्स्किनला युवराजाच्या अॅटर्नी जनरलचे पद गमवावे लागले. तरीही त्याने ब्रीफ सोडले नाही, कारण आरोपीचा बचाव करायचा की नाही हे वकीलच ठरवू लागला तर तो न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, ही त्याची भूमिका होती. मुंबईच्या बारवर याच पठडीचे संस्कार होते. सरकारच्या वतीने आज राजद्रोहाचा खटला चालवणारा वकील उद्या एखाद्या खुन्याचा बचाव करी, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

म्हणून १८९७ मधील दावरांचा युक्तिवाद हा त्यांच्या राष्ट्रप्रेमाचा पुरावा नव्हता. तो ब्रीफचा भाग होता. टिळकांचे लेख वाचून त्यांच्या मनात काय आले असेल, याबद्दल तो युक्तिवाद काहीच सांगत नाही. जे मत त्यांनी कधी आपले म्हणून मांडलेच नाही, त्यावरून ते पलटले असे म्हणता येत नाही.

आता १८९७ कडे वळू. पुण्यात प्लेगचा कहर, रँडच्या कारभाराने पेटलेली मने, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी केलेला गोळीबार. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली होती. सरकारने दोन्हींची सांगड घातली. २७ जुलै रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. त्यांच्याबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांनाही आरोपी करण्यात आले. पुढे ते निर्दोष सुटले.

टिळकांना जामीन मिळवून देण्याचे काम दावरांकडे होते. दंडाधिकाऱ्याने अर्ज फेटाळला. मग दावर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे गेले. हे रानडे म्हणजे महादेव गोविंद रानडे. सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ आणि ज्या पुण्यात टिळक घडले त्या पुण्याचे वैचारिक गुरू. त्या खंडपीठानेही जामीन नाकारला. दंडाधिकाऱ्यासमोरची चौकशी अजून चालू आहे, ती संपल्यावर पुन्हा अर्ज करा, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी संपली, खटला सेशन्सकडे गेला, आणि दावरांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. या वेळी समोर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. ४ ऑगस्टला टिळक जामिनावर सुटले.

तय्यबजींनी तेव्हा मान्य केलेले तत्त्व आज साधे वाटते. जामिनाच्या अर्जावर मुख्य प्रश्न एवढाच: आरोपी खटल्याला हजर राहील की नाही? टिळकांसारखा माणूस पळून जाणार नाही हे उघड होते. उलट महिनाभर कोठडीत ठेवून पुढे तो निर्दोष ठरला तर त्याची भरपाई कोण करणार? शिवाय कोठडीतल्या माणसाला बचावाची तयारी नीट करता येत नाही. जामीन मिळाल्यामुळेच टिळकांना आपल्या वकिलांसोबत बसून लेखांची भाषांतरे तपासता आली आणि कलकत्त्याच्या मित्रांशी संपर्क ठेवता आला. अमृत बाजार पत्रिकेच्या घोष बंधूंनी बंगालात निधी उभारला आणि कलकत्त्याहून बॅरिस्टर प्यू यांना मुंबईस धाडले. खटल्यात बचावाची धुरा प्यू यांच्याकडे होती.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. त्याच आठवड्यात दोन हिंदी न्यायमूर्तींनी एकाच आरोपीबाबत दोन वेगळे आदेश दिले. राष्ट्रसभेच्या पायाभरणीत ज्यांचा हात होता त्या रानड्यांनी नाकारले. राष्ट्रसभेचे १८८७ चे अध्यक्ष तय्यबजींनी दिले. तय्यबजीही मुळात बॅरिस्टरच. मुंबई उच्च न्यायालयातील पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. रानडे मात्र बॅरिस्टर नव्हते. ते कनिष्ठ न्यायालयांतून वर चढत आले होते. म्हणजे माणसाची पूर्वपीठिका पाहून निकालाचे भाकीत करू जावे, तर ते १८९७ मध्येच फसले असते. हा मुद्दा दावरांच्या टीकाकारांनी सहसा विचारात घेतलेला दिसत नाही.

खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर चालला. त्यांनी ज्यूरीला 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ सांगितला तो निव्वळ प्रीतीचा अभाव असा. त्या अर्थाने पाहिले तर हिंदुस्थानातील निम्मे लोक रोज राजद्रोह करीत होते. ज्यूरी नऊ जणांची: सहा युरोपीय, तीन हिंदी. निकालही सहास तीन. १४ सप्टेंबर रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढे प्रिव्ही कौन्सिलपुढे परवानगीचा अर्ज मांडायला अॅस्क्विथ उभे होते. तेच अॅस्क्विथ १९०८ मध्ये, टिळकांना दुसरी शिक्षा झाली तेव्हा, ब्रिटनचे पंतप्रधान होते. योगायोगांचा हिशेब मांडायचाच असेल तर त्यात एकट्या दावरांचे नाव का घ्यावे?

पण सहास तीन हा आकडा लक्षात ठेवावा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

तय्यबजी १९०६ मध्ये लंडनमध्ये वारले. त्याच साली दावर न्यायासनावर आले. पुढच्या दोन वर्षांत राजकारणाचा रंगच बदलला: सुरतेची फूट, बंगालमधील गुप्त मंडळ्या, आणि ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला फुटलेला बॉम्ब. टिळकांनी 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख लिहिले. बॉम्बचा मार्ग त्यांनी वाखाणला नव्हता. तो मार्ग का सुचतो याचा दोष त्यांनी सरकारच्या दडपशाहीवर ठेवला होता. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांच्या खटल्यासाठी ते मुंबईत आले होते. २४ जून रोजी सरदारगृहातून त्यांना पकडण्यात आले.

आता तीन निर्णय पाहू. तिन्ही दावरांचे स्वतःचे, त्यांच्या अखत्यारीतले होते.

पहिला जामिनाचा. जिनांनी साहजिकच तय्यबजींचा १८९७ चा निर्णय पुढे केला. म्हणजे दावरांनी स्वतः मिळवलेला निकाल दावरांनाच ऐकवला. दावरांनी मान्य केले नाही. आरोपी हजर राहील की नाही एवढेच पाहायचे नसते, इतरही परिस्थिती न्यायाधीशाने ध्यानात घ्यायची असते, असे त्यांचे म्हणणे होते. ती परिस्थिती कोणती? ते सांगणे या खटल्यात उचित नाही, असे म्हणून त्यांनी कारणे दिली नाहीत. टिळकांना तेव्हा मधुमेह होता, वय बावन्नाच्या घरात, आणि स्वतःचा बचाव स्वतःच करायचा होता. ती सगळी तयारी तुरुंगात बसून करावी लागली.

न्यायाधीशाने पूर्वीच्या निर्णयाशी असहमत होणे हा गुन्हा नव्हे. कारणे न देणे, तेही खटल्यावर परिणाम होऊ नये या सबबीखाली, हेही त्या काळी नवे नव्हते. परंतु ज्याने एकाच जामिनासाठी तीन दारे ठोठावली होती, त्या माणसाला आरोपी कोठडीत असणे म्हणजे बचावाचे नेमके काय होते, हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. फौजदारी वकिलीचा अनुभव न्यायाधीशाला देतो तो हाच: आरोपीच्या बाजूने प्रक्रिया कशी दिसते याचे ज्ञान. मत बदलले म्हणून दावरांना दोष देऊ नये. जे ठाऊक होते ते बाजूला सारले याचा दोष मात्र त्यांना चुकत नाही.

दुसरा निर्णय ज्यूरीचा, आणि खटल्याचे भवितव्य बव्हंशी इथेच ठरले. सरकार पक्षाने विशेष ज्यूरीची मागणी केली. साध्या ज्यूरीची यादी मोठी असे; विशेष ज्यूरीची यादी प्रतिष्ठित, धनिक मंडळींची, आणि तीत युरोपियनांचा भरणा. टिळकांच्या वतीने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. लेख मराठीत आहेत, तेव्हा मराठी जाणणाऱ्यांनीच ते तोलावेत, हा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा साधा आणि बिनतोड होता. राजद्रोह हा शब्दांचा गुन्हा असतो. शब्दाची छटा भाषांतरात हरवली की गुन्ह्याचे स्वरूपच पालटते. दावरांनी विशेष ज्यूरीस मंजुरी दिली. निवड झाली ती सात युरोपीय आणि दोन पारशी अशी. त्यांत मराठी भाषिक एकही नव्हता.

१८९७ चा सहास तीन हा आकडा दावरांना माहीत नव्हता, असे कोण म्हणेल? त्या खटल्यात सहा युरोपीय एका बाजूला आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, अशी सरळ विभागणी झाली होती. ज्यूरीत कोण बसते यावर निकाल काय लागतो हे अवलंबून असते, याचा त्याहून ढळढळीत पुरावा मुंबईच्या बारपुढे आला नसेल.

खटला १३ ते २२ जुलै चालला. सरकारतर्फे अॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन आणि त्यांच्यासोबत इन्व्हेरॅरिटी, म्हणजे मुंबईच्या फौजदारी बारचे सर्वांत नामांकित नाव. समोर एकटे टिळक. त्यांना कायदा परका नव्हता: १८७९ ची एल्‌एल. बी. पदवी, वकिलीच्या परीक्षेसाठी पुण्यात चालवलेला वर्ग, आणि ताईमहाराज प्रकरणात वर्षानुवर्षे केलेल्या कोर्टाच्या वाऱ्या. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्यात इंग्लंडमधील राजद्रोहाच्या खटल्यांचा इतिहास होता, भाषांतरातील चुकांची चिरफाड होती, ज्यूरीच्या स्वातंत्र्याला केलेले आवाहन होते. झडतीत सापडलेल्या एका कार्डावर स्फोटकांविषयीच्या पुस्तकांची नावे होती. सरकार पक्षाने त्यावर भर दिला. नव्या स्फोटक कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली, हे त्यांचे उत्तर होते.

टिळकांनी आपल्या बाजूने वृत्तपत्रे व कागद दाखल केले, आणि त्यामुळे शेवटचे भाषण करण्याचा हक्क सरकार पक्षाकडे गेला. एखाद्या मुरलेल्या फौजदारी वकिलाने हा सौदा केला असता का, असा प्रश्न पडतो. ज्यूरीच्या कानात शेवटी कोणाचा आवाज घुमतो याला असे वकील फार जपतात. पण टिळकांचे श्रोते त्या नऊ जणांपुरते मर्यादित नव्हते. खटल्याआधी जिनांना कायदेशीर मुद्द्यांवर बचाव हवा होता आणि टिळकांना राजकीय भूमिकेवर, असे चागलांनी लिहून ठेवले आहे. वकील आणि पक्षकार यांच्यातले हे अंतर कार्डापासून शेवटच्या भाषणापर्यंत जागोजागी जाणवते.

२२ जुलैच्या रात्री ज्यूरी परतली. निकाल सातास दोन.

इथे तिसरा निर्णय येतो, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. नऊपैकी किमान सहा एका मताचे असले आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत असला, तरच त्या मतानुसार निकाल देता येई, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३०५ वे कलम सांगत होते. न्यायाधीश असहमत असला तर ज्यूरी बरखास्त होई. म्हणजे ज्यूरीने ठरवले, मी काय करणार, असे म्हणण्याची सोय दावरांना कायद्याने ठेवली नव्हती. त्यांनी तसे म्हटलेही नाही. बहुमताशी ते उघडपणे सहमत झाले. टिळकांची लेखणी विकृत मनाची असल्याचे त्यांनी सुनावले. दहा वर्षांत राज्यकर्त्यांविषयीचा द्वेष ओसरला नाही असेही म्हटले. अशी पत्रकारिता देशाला शाप आहे आणि आरोपी काही काळ देशाबाहेर असणे शांततेसाठी इष्ट आहे, या आशयाचे बोलून त्यांनी शिक्षा दिली. राजद्रोहाच्या दोन आरोपांसाठी तीन-तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगायची, आणि १५३-अ कलमाखाली १००० रुपये दंड. टिळकांनी त्या क्षणी केलेले छोटेसे निवेदन आज न्यायालयातील त्या दालनाबाहेर कोरलेले आहे. १९५६ मध्ये तो फलक उघडताना सरन्यायाधीश चागलांनी आपल्या पूर्वसुरींच्या वतीने प्रायश्चित्ताची भाषा केली.

दावरांच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. १८९८ च्या दुरुस्तीनंतर राजद्रोहाचे कलम अधिक रुंद झाले होते. कायदा त्यांनी केला नव्हता. कलमाखाली आजन्म काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा देता येत होती आणि ती त्यांनी दिली नाही. बॉम्बस्फोटाला तीन महिनेही झाले नव्हते. आणि ज्या राजवटीच्या मर्जीवर न्यायमूर्तीची खुर्ची टिकून असे, त्या राजवटीचे हे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होते. यातले एकही कारण खोटे नाही. पण यातले एकही कारण कारणांविना जामीन नाकारण्यास, मराठी लेखांसाठी मराठी न जाणणारी ज्यूरी मंजूर करण्यास किंवा दोन शिक्षा एकामागून एक जोडण्यास भाग पाडणारे नव्हते. त्या तिन्ही ठिकाणी कायद्याने न्यायाधीशाला मोकळीक दिली होती.

याच मोकळिकीचा दुसरा वापर आठ वर्षांनी, त्याच न्यायालयात दिसला. मंडालेहून परतलेल्या टिळकांकडून १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्याच्या भाषणांसाठी वर्षभराच्या सद्वर्तनाची हमी मागितली गेली: २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि १०,००० रुपयांचे दोन जामीन. उच्च न्यायालयात टिळकांची बाजू जिनांनी मांडली. या वेळी बचाव कायदेशीर मुद्द्यांवर होता. भाषणे सुटी वाक्ये काढून वाचायची नाहीत, संपूर्ण वाचायची, हा त्याचा कणा. ९ नोव्हेंबर रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याचा आदेश रद्द केला. बॅचलर इंग्रज होते.

दावरांना पुढे 'सर' हा किताब मिळाला. त्यानिमित्त बारने त्यांना मेजवानी द्यायचे ठरवले आणि वर्गणीसाठी वकिलांमध्ये परिपत्रक फिरले. चागला आपल्या 'रोझेस इन डिसेंबर' या आत्मचरित्रात सांगतात की, जिनांनी त्या कागदावर झणझणीत शेरा मारला: सरकारला हवे ते करून आणि एका थोर देशभक्ताला रानटी शिक्षा देऊन ज्याने किताब मिळवला, त्याला मेजवानी देण्याची बारला लाज वाटली पाहिजे, या अर्थाचा. त्या शेऱ्यात १८९७ चा उल्लेख नाही. ज्याने स्वतः ब्रीफ घेऊन टिळकांसाठी उभे राहण्याचा अनुभव घेतला होता, त्या जिनांना दावर एकेकाळी टिळकांचे वकील होते ही तक्रार करण्याजोगी गोष्ट वाटली नाही.

शेरा दावरांपर्यंत पोचला. त्यांनी जिनांना आपल्या दालनात बोलावून घेतले आणि विचारले, माझ्या न्यायालयात तुम्हाला कधी वाईट वागणूक मिळाली का? जिना म्हणाले, नाही, नेहमीच चांगली मिळाली. मग असे का लिहिलेत? ते सत्य आहे म्हणून, जिनांनी उत्तर दिले. तुम्ही मला कितीही चांगले वागवले असले तरी टिळकांच्या खटल्याबद्दलचे माझे मत मला दाबून ठेवता येणार नाही.